हेडलाइटचा बाजूबदल, स्पोर्ट्स कारमधील

रस्त्याच्या एका बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेल्या मोटारीचा डिपर (हेडलाइटचा खाली वळवलेला झोत) विरुद्ध बाजूच्या वाहतुकीस योग्य करून घेण्याची क्रिया. अप्परचा झोत दोन्ही बाजूंना साधारण सारखाच पडत असल्याने त्याला हात लावावा लागत नाही. यूरोपीय पद्धतीच्या डिपरची वरची कड मात्र समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला आडवी असते आणि रस्त्याच्या कडेकडे सुमारे १५ अंशांनी वर चढते. या चढामुळे पादचारी आणि फलक लांबून दिसतात. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी हा चढ डावीकडे असतो, त्यामुळे तीच मोटार उजव्या बाजूने चालवू लागताच तो थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतो. दिवा नुसता खाली वाकवून हे सुटत नाही, कारण झोताचा आकार उलटाच राहतो आणि चालकाचा स्वतःचा रस्ताही अंधारतो.

असा दोन बाजूंना वेगळा झोत प्रथम कोणी रूढ केला याविषयी एकमत नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यास दोन तंतूंचा बिलक्स बल्ब आला, पण त्याचा डिपर दोन्हीकडे सारखाच होता. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील अनेक मोटारींत डिपर देताच रस्त्याच्या मध्याकडील दिवा विझे आणि कडेचा दिवा डावीकडे व खाली झुके. काही जण हीच सुरुवात मानतात. १९४० पासून अमेरिकेत प्रमाणित झालेल्या सीलबंद दिव्यांचा डिपरही किंचित उजवीकडे ढळलेला असे. तथापि आडवी कड आणि तिला जोडलेला चढ ही आजची रचना यूरोपात १९५० च्या दशकात, बहुतेक संदर्भांनुसार १९५७ मध्ये, रूढ झाली आणि रूपांतराचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिच्यापासूनच उद्भवतो. त्यामुळे आधीचे प्रयोग पूर्वपीठिका म्हणून गणणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या एच-४ हॅलोजन बल्बमध्ये या रचनेचे मर्म स्पष्ट दिसते. डिपरच्या तंतूखाली धातूचा एक छोटा कप असतो आणि तो परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवतो. कपाची एक कड आडवी, तर दुसरी १५ अंशांनी खाली उतरलेली असते. या उतरत्या कडेवरून निसटणारा प्रकाशच चढ निर्माण करतो. म्हणून बल्ब त्याच्या अक्षाभोवती १५ अंश फिरवला की दोन्ही कडांची कामे अदलाबदल होतात. काही दिव्यांत यासाठी बल्बच्या बैठकीवर छोटी कळ दिलेली असे. मात्र काचेवरील उभ्या रेघा दोन्ही बाजूंसाठी घडवलेल्या नसतील, तर बल्ब फिरवून झोत नीट उमटत नाही. दिवा कोणत्या बाजूचा आहे हे काचेवरील खुणेवरून कळते : संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार बाण नसलेला दिवा उजव्या बाजूच्या वाहतुकीचा, दिव्याकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला बाण असेल तर डाव्या बाजूचा, आणि दुतोंडी बाण असेल तर दोन्हींचा.

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये काम सोपे असते, कारण त्यांतील बहुतेकांना सात इंची गोल दिवे असत. एमजीबी, जॅग्वार ई-टाइप आणि बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ यांत पूर्ण दिवाच बदलता येतो. आरंभीच्या ई-टाइपमध्ये त्याआधी काचेचे आवरण उतरवावे लागते. दिवा धरून ठेवणाऱ्या कड्याचे स्क्रू तेवढे सैल करावेत. शेजारचे दोन स्क्रू झोताची दिशा ठरवतात आणि तेच फिरवले गेल्यास सर्व जुळवणी नव्याने करावी लागते. ३ सप्टेंबर १९६७ रोजी स्वीडनची वाहतूक डावीकडून उजवीकडे वळली तेव्हा तेथील मोटारींचे दिवे याच पद्धतीने बदलले गेले. असे प्रमाणित, स्वस्त दिवे सर्रास वापरात असणे हा बदल तेव्हाच उरकण्याच्या बाजूचा एक मुद्दा होता.

प्रोजेक्टर दिव्यांत भिंगामागील धातूच्या पडद्याची कड रस्त्यावर उमटते, तीही उलटी : वरची खाली आणि डावीकडची उजवीकडे. काही झेनॉन दिव्यांत हा पडदा सरकवण्यासाठी कळ असते. ती नसल्यास मोटारमालक दिवा तापवून, सीलबंदीचा थर मऊ करून उघडतात आणि पडदा पालटतात किंवा कानशीने घासून घेतात. थर पुन्हा नीट बसला नाही तर आत बाष्प धरते.

थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी काचेवर काळी पट्टी किंवा लोलकाचा स्टिकर लावतात. काळ्या पट्टीने समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, पण कडेकडचा प्रकाश मात्र मिळत नाही, आणि ठेंगण्या मोटारीला ही उणीव अधिक जाणवते. दिवा जमिनीपासून ६० सेंमी. उंच असून झोत एक टक्का (दर मीटरला १ सेंमी.) खाली वळवलेला असल्यास आडवी कड सुमारे ६० मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी १०० किमी. वेगाने हे अंतर दोन सेकंदांहून थोड्या अधिक वेळात संपते. म्हणून कायमच्या वापरासाठी पट्टी हा पर्याय धरू नये. पॉलिकार्बोनेटच्या काचेवर चिकटद्रव्याचे डागही राहू शकतात. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत उजवीकडे चढणारा डिपर नापास होतो, तात्पुरती पट्टी मात्र काही अटींवर चालते.

सर्वांत अवघड प्रकरण जपानी मोटारींचे आहे. निसान स्कायलाइन जीटी-आर ही मुख्यतः डाव्या बाजूच्या वाहतुकीच्या देशांतच विकली गेल्याने तिच्या आकारात बसणारे उजव्या बाजूचे दिवे बाजारात सहजी मिळत नाहीत आणि दिवा उघडण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. काम झाल्यावर मोटार सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करून तपासणी करतात. एक टक्क्याच्या जुळवणीत आडवी कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी. खाली आणि चढ नव्या कडेच्या बाजूला दिसला पाहिजे. अलीकडच्या अनेक एलईडी दिव्यांत हा बदल मोटारीच्या पडद्यावरील मेनूतून होतो.