डबल साइड पीसीबीची फिल्म आणण्यापूर्वी कृपया वाचावे

शिवाजी उद्यमनगर, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीकडचे कारखानदार, तसेच प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आमच्याकडून कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेली कोरी पाटी) व ड्राय फिल्म (तांब्यावर चिकटवायचा, उजेडाने कडक होणारा थर) नेतात आणि डबल साइड पीसीबी, म्हणजे दोन्ही बाजूंना तांब्याचे सर्किट असलेले बोर्ड, एक्स्पोजही करून घेतात (छापलेल्या पारदर्शक फिल्ममधून उजेड देऊन सर्किट बोर्डावर उतरवणे). त्यांपैकी अनेकांची तक्रार एकच असते: वरचे आणि खालचे पॅड (सुट्या भागांच्या पिना झाळण्याचे, छिद्राभोवतीचे तांब्याचे गोल) जुळत नाहीत. बहुतेक वेळा दोष जुळवणाऱ्याच्या हातात नसून प्रिंटमध्ये असतो.

टॉप लेयर (वरच्या बाजूचे सर्किट) एका झेरॉक्सवाल्याकडे छापला जातो आणि बॉटम (खालच्या बाजूचे) दुसऱ्याकडे. कधी मशीन एकच असते, पण एक प्रिंट उभा आणि दुसरा आडवा असतो. लेझर प्रिंटरच्या गरम रोलरमधून जाताना फिल्म किंचित ताणली जाते किंवा आक्रसते आणि हा फरक लांबीत व रुंदीत सारखा नसतो. 100 मिमी लांबीत अर्धा टक्का फरक पडला तरी तो अर्धा मिमी होतो, आणि 1.8 मिमीच्या पॅडमध्ये 0.8 मिमीचे छिद्र पाडल्यावर भोवती तांबे उरते तेही तेवढेच. त्यामुळे एका कोपऱ्यात फिल्म नेमक्या जुळल्या, तरी दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत छिद्र पॅडच्या काठावर जाते, आणि मग त्या कितीही सरकवल्या तरी उपयोग नसतो.

म्हणून दोन्ही लेयर एकाच फिल्मवर, एकाच दिशेने, शेजारी शेजारी छापावेत. स्केल 100 टक्के ठेवावे. ‘फिट टू पेज’ बंद असावे. 40 पिनांच्या साध्या डिप आयसीत (दोन रांगांत पिना असलेली चिप) पहिल्या पिनेपासून विसाव्या पिनेपर्यंत 48.26 मिमी अंतर असते, ते प्रिंटवर मोजून पाहावे. टॉप मिरर (आरशात दिसतो तसा उलटा) करावा, बॉटम करू नये. टोनरची (छापलेली) बाजू तांब्याला टेकवल्यावर दोन्हीकडची अक्षरे सरळ वाचता आली, तर छपाई बरोबर आहे.

दोन फिल्मच्या मध्ये बोर्डाच्याच 1.6 मिमी जाडीची एल आकाराची पट्टी चिकटवून पाकीट तयार करावे आणि ट्यूबलाइटसमोर धरून अगदी समोरून पाहावे, कारण तिरके पाहिल्यास पट्टीच्या जाडीमुळे फसगत होते. ड्राय फिल्मला निगेटिव्ह प्रिंट (तांबे ठेवायचे तिथे पारदर्शक, बाकी काळी) लागते, त्यामुळे पॅडमधून उजेड दिसतो. पॅड जुळले की तो गोल असतो, सरकले की चपटा होतो. चारही कोपरे तपासल्याशिवाय दुसरी फिल्म पक्की चिकटवू नये.

वेगवेगळ्या छापलेल्या फिल्म आम्ही एक्स्पोजसाठी घेत नाही, याचा काहींना राग येतो. परंतु बोर्ड वाया गेला की पैसे ग्राहकाचे जातात आणि नाव आमचे खराब होते. ट्रेसिंग पेपरवरचे प्रिंटही पावसाळ्यात स्वीकारत नाही; कोल्हापूरच्या दमट हवेत कागद फुगतो.

पेनड्राइव्हवर पीडीएफ किंवा गर्बर (पीसीबी डिझाइनची) फाइल आणल्यास दोन्ही लेयर आम्हीच एका फिल्मवर छापून, माप तपासून, पाकीट चिकटवून देतो. फिल्म आमच्याकडची असल्यास त्या जुळवणीचे वेगळे पैसे घेत नाही. पाकीट घरीच करायचे असेल, तर 1.6 मिमीच्या कापलेल्या पट्ट्या काउंटरवर मागून घ्याव्यात.