पिन तं बसते, मंग चार्ज काहून होत नाही?

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी दारव्ह्याजवळच्या गावातले ओळखीचे एक शेतकरी घरी आले. हातातल्या कापडी पिशवीत मुलीचा लॅपटॉप आणि दोन चार्जर. मुलगी अमरावतीला शिकते. लॅपटॉप आतेभावाने पाच-सहा वर्षं वापरून तिला दिलेला. मूळ चार्जर जळाला, म्हणून तालुक्याच्या गावातून दुसरा घेतला. तो लावला की चार्जिंगचं चित्र येतं, पण ऑनलाइन क्लास सुरू असला की बॅटरी वाढायच्या जागी उतरत जाते. "सर, पिन तं बरोबर बसते," ते म्हणाले, "मंग चार्ज काहून होत नाही?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असे लॅपटॉप माझ्या टेबलावर येत असतात. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बोलणं पिनेपासूनच सुरू होतं. पिन बसली की चार्जर जुळला, हा समज फार पक्का आहे. पण पिन म्हणजे नुसतं माप. चार्जर जुळतो की नाही, ते त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

दोन्ही चार्जर उलटे करून भिंगाखाली धरले. 'इनपुट'ची ओळ दोघांवर सारखीच होती: १०० ते २४० व्होल्ट. ही भिंतीतल्या विजेची बाजू, तिच्यात सहसा फरक नसतो. बघायची ती 'आउटपुट'ची ओळ. जळालेल्या चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. नव्यावर १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. पहिला ६५ वॅटचा, दुसरा ४५ वॅटचा. लॅपटॉप स्वस्थ बसलेला असताना ४५ वॅट पुरतात. पण क्लासचा व्हिडिओ, वायफाय, पडदा आणि वर बॅटरी भरणं, एवढं एकदम आलं की कमी पडतात. मग लॅपटॉप उरलेली वीज बॅटरीतूनच ओढतो. नवा चार्जर बिघडलेला नव्हता, तो लहान होता.

हे त्यांना ठिबकच्या भाषेत सांगितलं आणि लगेच पटलं. व्होल्ट म्हणजे नळीतला दाब, अँपिअर म्हणजे नळीतून वाहणारं पाणी. ठिबकला साधारण एक किलोचा दाब लागतो. दाब फार वाढला तर लॅटरलचे, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या नळ्यांचे, जोड सुटतात, कमी झाला तर शेवटची झाडं कोरडी राहतात. म्हणून दाब जुळावाच लागतो. पण विहिरीला पाणी भरपूर आहे म्हणून ड्रिपर जास्त पाणी सोडत नाही. तो त्याच्या हिशेबानेच थेंब टाकतो. विहीर आटलेली असली तरच अडचण. चार्जरचंही तसंच: व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर पुरले पाहिजेत. ६५ वॅटच्या लॅपटॉपला तेवढ्याच व्होल्टचा ९० वॅटचा चार्जर लावला तर काही जळत नाही. लॅपटॉप लागतील तेवढेच अँपिअर घेतो, आणि मोठा चार्जर पूर्ण जोर न लावता चालत असल्याने उलट कमी तापतो. "जास्त अँपिअरने लॅपटॉप उडेल" ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. तिच्यापायी लोक मुद्दाम लहान चार्जर घेतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

पण हा १९-२० व्होल्टचा आकडा आला कुठून? लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियमचे सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या एका सेलचे व्होल्ट ४.२, म्हणजे ओळीने चार सेल असले की १६.८. बॅटरी भरायची तर बाहेरचा दाब त्याहून थोडा जास्त हवा, कारण आतलं सर्किट व्होल्ट कमी करत करत बॅटरीला देतं. त्यातून १९ च्या आसपासचा आकडा रूढ झाला. कुणी १८.५ ठेवला, कुणी १९, कुणी १९.५, कुणी २०. या टप्प्यात अर्ध्या-एक व्होल्टचा फरक लॅपटॉप सहसा सहन करतो, १९ आणि १९.५ एकमेकांना चालतात. खरा धोका आणखी जुन्या लॅपटॉपना. तोशिबाच्या काही जुन्या मॉडेलांना १५ व्होल्ट लागत, आयबीएमच्या जुन्या थिंकपॅडना १६. २००६ च्या सुमारास थिंकपॅड २० व्होल्टवर आले आणि त्यांची पिनही बदलली. कुणाकडे असा म्हातारा लॅपटॉप अजून चालत असेल तर त्याच्या तळाचं लेबल वाचल्याशिवाय दुसऱ्याचा चार्जर लावू नये. व्होल्ट बदलायचं बटण असलेल्या 'युनिव्हर्सल' चार्जरचाही काटा आधी बघावा, मग पिन लावावी.

लेबलावर गोल आणि मधे ठिपका असं छोटं चित्र असतं, दोन्हीकडे अधिक-उणेच्या खुणा. मधल्या ठिपक्याकडे अधिक, म्हणजे पिनेच्या आत धन टोक. आता जवळजवळ सगळ्या लॅपटॉपना हेच चालतं, तरी जुळवायला दोन सेकंद लागतात.

पिनेबद्दल आणखी एक गोष्ट, जी दुकानातही फार थोड्यांना ठाऊक असते. डेलच्या गोल पिनेत डोकावलं तर मधोमध सुईसारखी एक बारीक काडी दिसते. ती वीज नेत नाही. चार्जरमधली एक चिमुकली चिप त्या काडीतून लॅपटॉपला सांगते, मी इतक्या वॅटचा आहे. ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू होतो. एचपीच्या बऱ्याच पिनांतही अशी मधली काडी असते. लॅपटॉप एकाएकी मंद झाला, "अडॅप्टर ओळखता येत नाही" अशी सूचना दिसली, की आधी पिनेत टॉर्चचा उजेड टाकून ती काडी वाकली का ते बघावं. व्होल्ट-अँपिअर जुळूनही दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

नव्या लॅपटॉपच्या टाइप-सी, म्हणजे नव्या फोनसारख्या पिनेने मात्र हा सगळा पसारा बदलून टाकला आहे, आणि ही मला मनापासून आवडलेली सुधारणा आहे. जुना चार्जर प्लगमध्ये घातला की तडक १९ व्होल्ट सोडतो, समोर कोण आहे हे बघत नाही. टाइप-सीचा चार्जर आधी विचारतो. सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट. मग केबलमधल्या एका वेगळ्या तारेवरून दोघांचं बोलणं होतं: चार्जर सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत, लॅपटॉप म्हणतो, मला २० दे. मगच व्होल्ट चढतात. या बोलीचं नाव यूएसबी पॉवर डिलिव्हरी. ती आधी १०० वॅटपर्यंत होती. २०२१ मध्ये २८, ३६ आणि ४८ व्होल्टच्या पायऱ्या वाढवून २४० वॅटपर्यंत नेली. म्हणूनच १०० वॅटचा चांगला चार्जर ४५ वॅटच्या लॅपटॉपलाही चालतो आणि साध्या फोनलाही. युरोपीय संघाने फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी सक्तीचं ठरवलं. जगभर विकणारी कंपनी प्रत्येक देशासाठी वेगळं भोक पाडत बसत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या दुकानांतही तेच दिसत जाणार.

तरी इथेही पिन बसणं आणि चार्जर जुळणं वेगळंच. फोनच्या चार्जरवर ६७ किंवा ८० वॅट असं मोठ्या अक्षरांत असतं. पुष्कळदा ते वॅट फक्त त्याच कंपनीच्या फोनसाठी, तिच्या खासगी बोलीत मिळतात. लॅपटॉप ती बोली बोलत नाही. म्हणून मोठ्या अक्षरांकडे बघू नका, आउटपुटच्या ओळीत २० व्होल्ट आहेत का आणि त्यांच्यापुढे किती अँपिअर आहेत ते बघा. २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असेल तर तो लॅपटॉपसाठी ६५ वॅटचा. दुसरी अडचण केबलची. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखीची चिप असलेली केबल लागते. १०० वॅटचा चार्जर फोनच्या केबलने जोडला तर ६० च्या वर जात नाही, आणि दोष चार्जरला लागतो. तिसरं म्हणजे काही लॅपटॉपचं टाइप-सी भोक नुसतं माहितीसाठी असतं, त्यातून चार्जिंग होतच नाही. ते पुस्तिकेत बघून घ्यावं.

जुन्या गोल पिनेच्या लॅपटॉपला नव्या टाइप-सी चार्जरवर चालवणाऱ्या केबलीही मिळतात. त्यांच्यातली चिप लॅपटॉपच्या वतीने २० व्होल्ट मागून घेते. १९ ते २० व्होल्टच्या लॅपटॉपला हे चांगलं चालतं. उलट प्रकार, म्हणजे जुन्या चार्जरच्या पिनेला टाइप-सीचं टोक बसवणारे स्वस्त तुकडे, मी कुणाला घेऊ देत नाही. त्यांतले काही न विचारता १९ व्होल्ट सरळ पुढे ढकलतात. ५ व्होल्टची वाट बघणारा फोन त्याला चुकून लावला की संपला.

आता त्या जळालेल्या चार्जरकडे. त्याची वायर मानेपाशी तुटलेली होती. कुणीतरी ती सोलून, पीळ देऊन, काळी टेप गुंडाळली होती. टेप उकलली तर आतलं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेलं, आणि तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. अशा ढिल्या जोडाचा रोध अर्धा ओहम जरी धरला, तरी ३.३४ अँपिअर जाताना शेंगदाण्याएवढ्या जागेत साडेपाच वॅट उष्णता तयार होते. शिवाय दीड व्होल्टहून जास्त तिथेच गळतात. वायर तुटली तर सोल्डरचा डाग देऊन, प्रत्येक तारेवर वेगळी नळी चढवून जोडावी, नाहीतर बदलावी. हाच जोड गोधडीजवळ असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आपल्याकडचा उन्हाळा हा चार्जरचा दुसरा शत्रू. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि लॅपटॉपच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा बहुधा ३५ किंवा ४० अंश लिहिलेली असते. चार्जरमध्ये कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात, त्यांतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. दर १० अंश वाढीमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. चार्जर उशीखाली किंवा गादीवर ठेवू नये. फरशीवर, आडवा, मोकळा ठेवावा.

लाईट डिम होण्याची भीती मात्र फार बाळगू नका. चार्जर भिंतीतली वीज आधी एकदिश करतो, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून पाहिजे तेवढीच पुढे सोडतो. भिंतीत २३० च्या जागी १५० व्होल्ट आले तरी तो तुकडे रुंद करून भागवतो, फक्त थोडा जास्त तापतो. खरी भीती डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटण्याची. तेव्हा एखाद्या फेजवरच्या घरांत ४०० च्या जवळपास व्होल्ट जाऊ शकतात आणि एका फटक्यात टीव्ही, पंखे, चार्जर जातात. दिवे एकाएकी भगभगीत झाले की आधी मेन स्विच पाडावा, मग वायरमनला फोन करावा. वादळी पावसात आणि लाईन येण्या-जाण्याचा खेळ सुरू असताना पिन काढून ठेवलेली बरी.

धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या आल्यासारखं वाटतं, ही तक्रारही नेहमीची. चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवा. तिसरी पिन कापलेली असली, किंवा बोर्डाला भोकं तीन पण मागे अर्थिंगची वायरच नसली, की तो तुमच्या हातातून वाट शोधतो. अर्थिंग असूनही मुंग्या उन्हाळ्यातच येत असतील तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल. माती सुकली की ती वीज नीट वाहून नेत नाही. संध्याकाळी दोन बादल्या पाणी टाकून बघावं.

चार्जर घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्याजवळचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक शोधावा. बीआयएस केअर हे ॲप फोनमध्ये घेतलं की दुकानात उभ्या उभ्या तो क्रमांक तपासता येतो. त्या दिवशी शेतकरीदादांनी दोन्ही लेबलांचे फोटो काढून घेतले आणि सोमवारी दुकानातून ६५ वॅटचा बदलून आणला. दुकानदाराने कुरकुर केली नाही. निघताना दारात त्यांनी विचारलं, "अन् लाईन गेली तं?" टाइप-सीचा लॅपटॉप असता तर २० व्होल्ट देणारी पॉवर बँक चालली असती. पॉवर बँकेवरचा २०,००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ७४ वॅट-तास. वाटेतली गळती वजा जाता ४५-५० वॅट-तासांची लॅपटॉपची बॅटरी एकदा पूर्ण भरते. गोल पिनेच्या त्यांच्या लॅपटॉपला त्यासाठी आधी ती २० व्होल्ट मागणारी केबल घ्यावी लागेल, आणि तिच्या टोकाला बारीक काडीसह पिन आहे का ते बघूनच.