आरटीआर झालं, मग ईएलपी कशाला?

बेळगावच्या टिळकवाडीत मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. येणारी मुलं बहुतेक नोकरीच्या मुलाखतीची धास्ती घेतलेली. पण 2021 साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यांत आपलं सांबराही आलं, आणि तेव्हापासून अधूनमधून एखादा कॅडेटही दारात उभा राहतो. प्रत्येकाचा प्रश्न एकच. "मॅडम, आरटीआर पास झालोय की मी. ते पण इंग्रजीच, हे पण इंग्रजीच. परत ईएलपी कशाला?" दोन्ही वैमानिकाच्या परीक्षा: आरटीआर रेडिओ वापरण्याची, ईएलपी (इंग्लिश लँग्वेज प्रोफिशियन्सी) इंग्रजी बोलण्या-समजण्याची.

बेळगावच्या माणसाला हे समजायला बस पुरते. माझं कन्नड बसपुरतं चोख आहे. "मुंद होग्री" म्हटलं की पुढे सरकायचं, "चिल्लर कोड्री" म्हटलं की सुटे पैसे काढायचे. वीस वर्षांत कधी अडलं नाही. मग एकदा हुबळीहून परतताना बस हिरेबागेवाडीच्या अलीकडे बंद पडली. कंडक्टरने खाली उतरून दोन मिनिटं काहीतरी समजावलं. दुसरी बस येणार की हीच दुरुस्त होणार, तिकीट चालणार की नाही, मला एक अक्षर कळलं नाही. शेजारच्या आजींनी मराठीत सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

"मुंद होग्री" म्हणजे आरटीआर. बस बंद पडल्यावरचं कन्नड म्हणजे ईएलपी.

आरटीआर ही विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्याची परीक्षा. पूर्वी ती दूरसंचार विभाग घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आल्यावर ती डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, गेली. दोन्ही गोष्टींवर आता एकाच कार्यालयाचं नाव दिसत असल्याने गोंधळ आणखी वाढला असावा. परीक्षेत काल्पनिक उड्डाण देतात आणि टॉवरशी बोलत ते पार पाडायचं असतं. शिवाय रेडिओलहरी आणि नियमांवर प्रश्न. इथली भाषा ठरीव आहे, तिला फ्रेझिऑलॉजी म्हणतात. नऊला 'नायनर', तीनला 'ट्री'. टॉवर म्हणाला "रनवे टू सिक्स, क्लिअर्ड टू लँड", की तेच शब्द परत म्हणायचे आणि आपली खूण, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, जोडायची. स्वतःची भर घालायची नाही.

यातला 'रॉजर' मुलांना फार आवडतो, आणि तोच चुकतो. रॉजर म्हणजे 'हो' नव्हे. 'तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं', एवढाच त्याचा अर्थ. 'हो' साठी 'अफर्म', 'सांगितलंत तसं करतो' साठी 'विल्को'. आपल्याकडे फोनवर "हां हां" म्हणतात, त्यात ऐकलं, पटलं आणि करतो हे तिन्ही येतं. रेडिओवर ते तीन वेगळे शब्द लागतात. याची किंमत 27 मार्च 1977 ला टेनेरिफेला कळली. धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळली, 583 माणसं गेली. एका वैमानिकाने "वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ" असं पुस्तकाबाहेरचं वाक्य टाकलं, त्यावर टॉवरने आधी "ओके" म्हटलं; विमान उभं आहे की निघालं, हे स्पष्टच झालं नाही. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा असं ठरलं. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

ईएलपीची गोष्ट जुळते ती आपल्याच देशातल्या अपघाताशी. 12 नोव्हेंबर 1996, चरखी दादरी. सौदी विमान वर चढत होतं, त्याला 14,000 फुटांची मर्यादा. समोरून उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 ची. कझाक विमान त्याखाली आलं, दोन्ही आदळली आणि 349 जण गेले. दिल्लीशी बोलत होता कझाक विमानातला रेडिओ ऑपरेटर, वैमानिक नव्हे, आणि त्या चमूच्या कच्च्या इंग्रजीकडे चौकशीत बोट दाखवलं गेलं. 1998 ला आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने, म्हणजे इकाओने, भाषेवर ठराव केला, 2003 ला नियम आले, आणि 5 मार्च 2008 पासून ते लागू झाले. वैमानिकाला आणि नियंत्रकाला, दोघांनाही.

ईएलपीत लिहायचं काहीच नाही. ऐकायचं आणि बोलायचं. परीक्षक सहा गोष्टी पाहतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. प्रत्येकीला एक ते सहा पातळ्या, किमान चौथी हवी. आणि इथे सरासरी काढत नाहीत हं. पाच ठिकाणी पाच आणि आकलनात तीन मिळाले, तर निकाल तीन. चौथी पातळी मिळाली की तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, पाचवीला सहा वर्षांनी, सहावीला परत नाही.

उच्चाराची धास्ती मात्र उगाच. आपली मुलं यूट्यूब बघून अमेरिकन जीभ वळवू पाहतात आणि ओघ घालवून बसतात. चौथ्या पातळीत मातृभाषेची छाप चालते, समजायला अडथळा अधूनमधूनच झाला पाहिजे, इतकंच. बेळगावी हेल चालेल. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' एकसारखे ऐकू आलेले चालणार नाहीत.

एक अपघात मात्र मला कुठल्याच रकान्यात धड बसवता येत नाही. जानेवारी 1990, न्यूयॉर्क, कोलंबियाचं अवियांका 52. सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचं साध्या इंग्रजीत सांगितलं; 'इमर्जन्सी' हा ठरीव शब्द काही उच्चारला नाही. 158 पैकी 73 जण गेले.

परवा आलेल्या कॅडेटला मी म्हटलं, चौदा सी वर बसलेल्या प्रवाशाच्या छातीत दुखतंय, बोल टॉवरशी. गड्याने तीनदा "पॅन पॅन" ही तातडीची ठरीव हाक, खूण, जागा, उंची, सगळं एका दमात म्हटलं. घोटलेलं. मग मी टॉवर झाले आणि विचारलं, "इज ही कॉन्शस? कॅन ही वॉक डाऊन द स्टेअर्स?" तो माझ्याकडे बघत राहिला.

"स्टँडबाय, मॅडम."

मी पण थांबले. पंख्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "ही इज ब्रीदिंग, बट ही इज नॉट आन्सरिंग. वॉक नॉट पॉसिबल. वुई नीड... दॅट स्लीपिंग चेअर."

स्ट्रेचर हा शब्द त्याला आठवला नव्हता. पण अँब्युलन्सवाल्याला काय घेऊन यायचं ते कळलं असतं, म्हणून मी तिथे टिकमार्क केली. ते 'मॅडम' तेवढं टेस्टमध्ये गाळ म्हटलं.