शब्दाचे शेजारी

अंबाजोगाईला नववीच्या वर्गात पावसावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलीनं लिहिलं, 'स्ट्राँग रेन'. मी लाल रेघ ओढली, तशी ती वही घेऊन टेबलापाशी आली. "सर, जोराचा वारा म्हणजे स्ट्राँग विंड ना? मग जोराचा पाऊस स्ट्राँग का नाही?"

प्रश्न रास्त होता. आपला 'जोराचा' दोघांनाही चालतो. इंग्रजीत वारा स्ट्राँग, पाऊस मात्र हेवी. शब्दकोशातला अर्थ इथं पुरत नाही. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडलं. पुढे ही संगत मोजताही येऊ लागली. पुस्तकं, वर्तमानपत्रं यांतला मजकूर संगणकात साठवायचा आणि दोन शब्द निव्वळ योगायोगानं जितक्या वेळा शेजारी आले असते, त्याहून किती जास्त वेळा येतात ते पाहायचं. अशा साठ्याला कॉर्पस म्हणतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भारतीय इंग्रजीचा सुमारे १० लाख शब्दांचा कॉर्पस तयार झाला, त्यातला मजकूर १९७८ सालचा आहे.

पण एका अर्थाला इतके शब्द आले कुठून? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच शिरली. लॅटिन तर चर्चमध्ये आणि विद्वानांत होतीच. म्हणून 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. आई आस्क करते, पोलीस इंटरॉगेट करतात.

हे आमच्या पोरांना चटकन कळतं, कारण त्यांच्या घरी तेच आहे. भुई प्राकृतातून आलेली, भूमी संस्कृत, जमीन फारसी. पेरतात तो भुईमूग, नारळ फोडतात ते भूमिपूजन, आणि तलाठ्याकडे फेरफार होतो तो जमिनीचा. 'जमीनमूग' म्हणून पाहा, वर्ग हसतो. हा कान त्यांच्याकडे जन्मापासून आहे, इंग्रजीसाठी तो मुद्दाम तयार करावा लागतो एवढंच.

त्या मुलीला मी सांगितलं, नवा शब्द एकटा लिहू नकोस, शेजाऱ्यासकट लिही. पंधरा दिवसांनी तिनं वही दाखवली. वर मराठीत 'कडक', खाली चार ओळी: चहा स्ट्राँग, ऊन स्ट्राँग, शिस्त स्ट्रिक्ट, शिळी भाकरी हार्ड.