खुलासा: ऑइल थंड इंजिनावरच तपासावे का?

‘गाडीचे ऑइल नेहमी सकाळी, इंजिन थंड आणि बंद असतानाच तपासावे,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. बहुतेक गाड्यांना तो लागूही पडतो, कारण त्यांचे ऑइल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्येच साठते आणि गाडी उभी राहिली की तिथेच निथळते.

१९९८ पर्यंत बनलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पोर्शे ९११ची रचना मात्र निराळी आहे. तिचे ऑइल एका स्वतंत्र टाकीत राहते. एक पंप ते इंजिनातून ओढून टाकीत आणतो आणि दुसरा ते पुन्हा इंजिनाला पुरवतो. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतले बरेच ऑइल इंजिनात उतरते. त्यामुळे सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, कोरडीठाक निघू शकते, नवा मालक साहजिकच घाबरून लिटरभर ऑइल ओततो, आणि इंजिन तापल्यावर तेच जादा ऑइल हवेच्या नळीत शिरून मागून निळसर धुराचे लोट निघतात.

खरी पातळी पाहायची तर गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी, सपाट जागी उभी करावी आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसले की पुरे. वरच्या खुणेचा हट्ट मी तरी धरणार नाही. डॅशबोर्डवर पातळीचा काटा असल्यास तोही याच स्थितीत विश्वासार्ह असतो, धावत्या गाडीत तो खाली पडणे हा बिघाड नव्हे. खात्रीसाठी एकाच दिवशी सकाळी थंड आणि नंतर तापलेल्या चालू इंजिनावर डिपस्टिक पाहावी. मध्ये थेंबभरही ऑइल न घालता फरक दिसेल.