मध्यमाहरण (पूर्ण वर्ग पद्धत)

द्विघाती राशीतले मधले पद नाहीसे करून ती एक पूर्ण वर्ग आणि एक स्थिर संख्या यांत मांडण्याची रीत. अक्ष² + बक्ष + क हे फल अशा रीतीने अ(क्ष − म)² + न असे लिहिले की त्याचे शिरोबिंदू रूप मिळते. येथे म = −ब/(२अ) आणि न = क − ब²/(४अ). फलाचा आलेख अन्वस्त (पॅराबोला, वाटीसारखा वक्र) असतो, (म, न) हा त्याचा शिरोबिंदू. अ धन असल्यास तो सर्वांत खाली, ऋण असल्यास सर्वांत वर.

सूत्र पाठ करण्याआधी रीत एकदा हाताने करावी. पाटाच्या काठी केळीच्या रोपांना तीन बाजूंनी १२० मीटर तारेचे कुंपण घालायचे आहे. पाटाकडची बाजू मोकळी. आत जाणारी प्रत्येक बाजू क्ष मीटर धरली तर क्षेत्रफळ क्ष(१२० − २क्ष), म्हणजे −२क्ष² + १२०क्ष. आधी −२ बाहेर काढावा: −२(क्ष² − ६०क्ष). ६० चे निम्मे ३०, त्याचा वर्ग ९००. तो कंसात मिळवून लगेच वजा करावा. −२[(क्ष − ३०)² − ९००], म्हणजेच −२(क्ष − ३०)² + १८००. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून १८०० चौरस मीटरहून जास्त जागा घेरता येणार नाही, आणि तेवढी मिळते ती क्ष = ३० असतानाच. विद्यार्थी बहुधा अडखळतात ते शेवटच्या पायरीवर: कंसातल्या −९०० ला −२ ने गुणायचे राहून जाते.

मध्यमाहरण हे नाव जुने, आणि 'पूर्ण वर्ग'पेक्षा नेमके. काय घडते ते नावातच आहे. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) 'बीजगणित' ग्रंथात या रीतीसाठी श्रीधराचार्यांचा नियम दिला: अक्ष² + बक्ष = −क या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ४अ ने गुणावे आणि ब² मिळवावा. अपूर्णांक येतच नाहीत. त्यांच्या भुंग्यांच्या उदाहरणात थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ, थव्याचे ८/९ आणि आणखी दोन भुंगे मिळून सारा थवा होतो. थवा २य² मानल्यास २य² − ९य = १८. आठने गुणून ८१ मिळवले की (४य − ९)² = २२५; य = ६, भुंगे ७२. हे सारे आलेखाविना झाले. शिरोबिंदूचे चित्र निर्देशक भूमितीनंतरचे, सतराव्या शतकापासूनचे.

या परंपरेचा खानदेशातला पुरावा दगडावर आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, काळ इ. स. १२०७. त्यावरून भास्कराचार्यांचा जन्म पाटणचा ठरत नाही, जन्मस्थानाचा वाद वेगळा आहे. पण हे गणित येथे शिकवले जावे अशी तजवीज झाली होती, हे निश्चित. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने मठाला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही, मराठीत आहे. पाटणच्या बाजारातल्या मालावरचा वाटा मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे.