छातीच्या एक्स-रेतली पुसलेली कड

"एक्स-रे कशाला, थेट सीटी स्कॅनच करून टाका ना!" हे इतक्यांदा कानावर येतं, की साध्या एक्स-रेची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. हवेतून किरण जवळजवळ अडथळ्याविना जातात, म्हणून फुफ्फुसं काळी. हाडं बरेच किरण शोषतात, म्हणून पांढरी. हृदय, रक्त, पाणी आणि पू मात्र किरणांच्या लेखी जवळपास सारखेच. मग हृदयाची कड इतकी रेखीव कशी दिसते? शेजारी हवेनं भरलेलं फुफ्फुस असतं म्हणून.

पाण्यानं भरलेला फुगा हवेत टांगून एक्स-रे काढला, तर त्याची कड स्वच्छ उमटेल. तोच पाण्याच्या डब्यात बुडवला, तर दिसेनासा होईल. आता फुगा बाहेर काढा आणि डब्यापुढे, न टेकवता धरा. सावल्या एकावर एक पडल्या तरी कड पुन्हा दिसेल, कारण फुग्याला खेटून हवाच आहे.

छातीत हेच घडतं. न्यूमोनियात फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या द्रवानं भरतात. उजव्या फुफ्फुसाचा मधला खंड हृदयाला चिकटून असतो. तो भरला की हृदयाची उजवी कड पुसली जाते. खालचा खंड मागच्या बाजूला. तो भरला तर पांढरेपणा साधारण त्याच उंचीवर दिसतो, पण हृदयाची कड शाबूत राहते आणि श्वासपटलाची (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची) रेषा हरवते. सपाट चित्रातून खोली कळते! बेंजामिन फेल्सन या अमेरिकन रेडिओलॉजिस्टनं १९५० साली मांडलेली ही खूण 'सिल्हूट साइन' (बाह्यरेषेची खूण) म्हणून ओळखली जाते. मला ती आजही थक्क करते. अर्थात छातीचं हाड आत दबलेलं असेल, तर आजार नसतानाही उजवी कड धूसर दिसते. म्हणून फिल्म ताप-खोकल्याशी ताडूनच वाचायची.

एक्स-रेला मर्यादा आहेतच. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असूनही तो नॉर्मल दिसू शकतो. तिथे शिरेतून औषध सोडून काढलेला सीटीच हवा. फायब्रोसिसची, म्हणजे फुफ्फुसात पडलेल्या वणांची, जाळी पातळ कापांच्या सीटीत उलगडते. फुफ्फुसाभोवती साठलेलं थोडं पाणी मात्र सोनोग्राफीत छान दिसतं, तेही किरणांविना.

समोरून काढलेल्या एका एक्स-रेचा किरणोत्सर्ग म्हणजे निसर्गातून सुमारे तीन दिवसांत मिळतो तेवढा; नेहमीच्या सीटीचा दोन-अडीच वर्षांइतका. हे किरण अंगात साठून राहत नाहीत, त्यामुळे ते 'उतरवणारे' काढे निव्वळ थोतांड. धडधाकट माणसांना 'संपूर्ण शरीर स्कॅन' विकणाऱ्या जाहिरातींचाही मला तितकाच राग येतो. स्कॅनमध्ये बारीक गाठी सापडतात, बहुतेक निरुपद्रवी, आणि मग महिनोन् महिने काळजी आणि पुन्हा स्कॅन. वर्षानुवर्षं भरपूर धूम्रपान केलेल्यांना कमी मात्रेच्या सीटीचा खरा फायदा होतो, तो भाग वेगळा.

आणि जुन्या फिल्म टाकून देऊ नका. नव्या एक्स-रेतला डाग पाच वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये तस्साच दिसला, तर बऱ्याचदा पुढच्या तपासणीची गरजच उरत नाही.